दिव्याचं नाक

"केरबा, हिच्या डोळ्यांत पाणी आलंय बघ."

दौलू चौगुल्यानं जीप माझ्या पत्र्याच्या शेडखाली घातली, खाली उतरला आणि उजव्या दिव्याच्या काचेवर बोटानं टकटक केली. मी हातातला पाना ठेवून वाकलो. काचेला आतल्या बाजूनं बारीक बारीक थेंब धरले होते आणि तळाला चमचाभर पाणी साचून हलत होतं. डाव्या दिव्यात पाणी नव्हतं, पण काच वाफ धरल्यासारखी पांढुरकी झाली होती.

"बाहेरनं पुसून पुसून हात दुखला," दौलू म्हणाला. "मग कळलं, रडं आतलं हाय."

श्रावणाचे दिवस होते. गगनबावड्याला पाऊस जरा उणावला की धुकं उतरतं आणि धुकं विरलं की पुन्हा पाऊस. दुपारी चारलाही दिवे लावल्याशिवाय घाटात गाडी घालता येत नाही. दौलू वडाप करायचा. वडाप म्हणजे एसटी चुकलेली, बाजाराला निघालेली, सासरी-माहेरी चाललेली माणसं जीपमध्ये भरून घाट उतरायचा आणि खालची माणसं घेऊन पुन्हा वर यायचं. दहा जणांच्या जीपमध्ये दौलू दहाच बसवायचा, म्हणून बाकीचे वडापवाले त्याला हसायचे. आम्ही दोघं एका गल्लीतले. लहानपणी एकाच म्हशीच्या पाठीवर बसून ओढ्याला गेलेले.

गाडी त्यानं नवीन घेतली होती. जुन्या जीपचे गोल, जड काचेचे दिवे मला पाठ होते. हे चौकोनी निघाले होते, पुढून काचेसारखं प्लास्टिक आणि मागून काळं डबडं. असले दिवे मी तोवर दोनदाच उघडले होते, पण ते दौलूला सांगितलं नाही. मला लिहिता-वाचता येत नव्हतं. हात लावला की केरबाला गाडीचं दुखणं कळतं, असं गाव म्हणायचं आणि गाव म्हणतं ते मलाही खरं वाटायला लागलं होतं.

शेडमध्ये धाकू झोरे चहा पीत बसला होता. तो रस्त्याचा मैलकुली. घाटातला तीन मैलांचा तुकडा त्याच्याकडं होता. गटारं मोकळी ठेवायची, कोसळलेली दगडमाती ओढून काढायची, दिवसभर बांबू-पानांचं इरलं पांघरून वाकून असायचं. पाऊस असो नसो, दहाच्या सुमाराला तो वर यायचा आणि माझ्याकडं एक कप चहा घ्यायचा. तो कप त्याचाच, कान तुटलेला.

"दिवं नीट करून घे बाबा," तो दौलूला म्हणाला. "इरल्यात बसलेला बघून तुला मी दगड वाटायचा."

"दगड बाजूला हुईत न्हाई," दौलू म्हणाला. "तू हुशील की."

दोघंही हसले. मीही हसलो.

मी दोन्ही दिवे काढून मागं घरात नेले. घर शेडला लागूनच. बायको भाकरी थापत होती. चुलीच्या कडेला दिवे शेकत ठेवले, तारेला फडकं गुंडाळून आतून फिरवलं, थेंब न थेंब टिपला. मग पाणी शिरतं कुठून ते शोधायला लागलो. प्रत्येक दिव्याच्या मागच्या अंगाला, एक वर आणि एक खाली, अशी दोन भोकं सापडली. करंगळीचं टोक जाईल एवढी, वाकड्या नळीसारखी. वळणावरचं पाणी चाकानं उडून इथूनच आत जात असणार. ती भोकं कशासाठी ठेवली असतील याचा विचार माझ्या मनात आला नाही. आमच्याकडं भोक दिसलं की बुजवायचं. पावसाळ्याच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला गवताचं झड बांधायचं, फटींत चिंध्या कोंबायच्या, उंदराचं बीळसुद्धा लिंपून घ्यायचं. चार महिने तेच करून हात शिकलेला असतो.

वर बघितलं तर चुलीवरचं एक कौल सरकलेलं. मी काठी घेऊन ते सारायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या ते," बायको म्हणाली. "मीच सरकवलंय. घराला नाक नको का?"

मी कौल तसंच ठेवलं. मग खाली बसून दिव्यांची चारही भोकं सिलिकॉननं गच्च भरली. ट्यूबमधून ते पांढरं, लोण्यासारखं येतं, सुकलं की रबरासारखं होतं आणि सुकेपर्यंत त्याला आंबूस वास येतो. कडेनंही फिरवून घेतलं. बाहेर पाऊस चालूच होता. घरातले कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. त्याच ओल्या हवेत मी दिवे बंद केले, म्हणजे पाणी आत कोंडूनच बंद केले. पण हे आज सांगतोय.

दिवे बसवल्यावर दौलूनं ते लावून बघितले. समोरच्या पत्र्यावर दोन स्वच्छ चौकोन पडले. तो खूश झाला, आणि शेडमधले दोघं-तिघं 'केरबाचा हात' असं काहीतरी बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. मी एका ट्रकखाली उताणा पडलो होतो, तोंडावर तेल गळत होतं. दौलूचे मला फक्त पाय दिसत होते. काळ्या प्लास्टिकच्या चपला, उजवीचा अंगठा तारेनं शिवलेला.

"केरबा, जरा धुरकट वाटतंय गा. येतोस का बघायला?"

काम अर्ध्यात होतं, उठायचा कंटाळा आला. खरं सांगायचं तर माझं केलेलं काम परत आलं हे शेडमधल्या माणसांना कळायला नको होतं. मी खालूनच म्हणालो, "दिवा लाव. तापला की आपोआप सुकतंय."

"जाऊ न्हवं घाटात?"

"बिनघोर जा."

चपला थोडा वेळ तिथंच राहिल्या. मग वळल्या.

तापल्यावर सुकतं हे खोटं नाही. जुन्या दिव्यांचं तसंच व्हायचं. आतली वाफ फटीनं बाहेर जायची. ह्या दिव्यांना मी फट ठेवली नव्हती.

दुपारी चारच्या सुमाराला जीप घाटातून वर आली ती हॉर्न वाजवतच. मधली दोन माणसं पायऱ्यांवर लोंबकळत होती, कारण मधल्या सीटवर धाकूला आडवं घातलं होतं. सरकारी दवाखान्याच्या दारात आम्ही त्याला उतरवला. डॉक्टरनी मनगट धरलं आणि सोडलं. त्याचं इरलं जीपमध्येच राहिलं होतं. अर्धं मोडून आत चेपलेलं.

जीपमधल्या माणसांनी सांगितलं त्यावरून कळलं ते एवढंच. म्हसोबाच्या वळणाला धुकं दाट होतं. दौलू पायानं चालावं तशी गाडी चालवत होता. माथ्यावरून निघाल्यापासून त्यानं दिवे लावून ठेवले होते आणि जसजसे ते तापले तसतसे ते आतून पांढरे होत गेले. वळणावर त्यांचा उजेड रस्त्यावर पडेना, दिव्यातल्या दिव्यातच राहिला. धाकू गटाराच्या तोंडाशी वाकून गाळ ओढत होता. गाडी त्याला लागली ती जोरात नाही, पण मागं कठड्याचा दगड होता.

दौलू दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मी जवळ गेलो. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "सगुणाला कोण सांगणार?"

सगुणा म्हणजे धाकूची बायको. धनगरवाड्यावर कोण गेलं ते मला माहीत नाही. मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांनी मला चौकीवर बोलावलं. मोटारवाले साहेब दोन दिवसांनी येणार होते, तोवर गावातल्या मिस्त्रीनं गाडी बघून सांगावी, ब्रेक लागतात का, स्टिअरिंग कसं आहे, असं त्यांचं म्हणणं. हवालदार गुडघ्यावर पॅड घेऊन झाडाखालच्या बाकावर बसले होते, लिहायला. दौलू शिपायाबरोबर उभा होता. रात्रभर झोपला नसावा.

मी ब्रेक बघितला, ठीक होता. स्टिअरिंग ठीक होतं. मग बॉनेट उघडलं आणि वाकलो. शिपाई पाठमोरा होता, बॉनेटच्या आड मला फक्त दौलू बघू शकत होता.

दिवे अजून पांढरेच होते. दुधाची भांडी ठेवल्यासारखे. मी अंगठ्याचं नख घालून खालचा सिलिकॉनचा बोळा उपसला. अगदी हलका, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि बोटाला कोंदट, ओली हवा लागली. मला चुलीवरचं कौल आठवलं. बायको सहज बोलून गेली होती ते मी काठी हातात धरून ऐकलं होतं आणि लगेच खाली बसून चार नाकं बुजवली होती.

उरलेले तीन बोळेही मी उपसले आणि खिशात टाकले. वरून ते सुकले होते, आतून अजून चिकट होते. अंगठ्याला लागलेलं मी विजारीला पुसलं, निघेना. मान वर केली तर दौलू माझ्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

मी हवालदारांपुढं जाऊन उभा राहिलो.

"दिव्यांचं काय?" त्यांनी विचारलं. "पाणी दिसतंय आत. अलीकडं कुणी उघडले होते काय? तुझ्याकडं आली होती ही गाडी?"

गावात दुसरं गॅरेज नव्हतं. शेडमध्ये त्या दिवशी माणसं होती. हवालदारांनी कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. तरी माझ्या तोंडून गेलं, "न्हाई साहेब. दिवे माझ्याकडं आले न्हाईत."

दौलूनं नजर खाली केली. हवालदारांनी लिहिलं, मला वाचून दाखवल्यासारखं केलं आणि निळ्या शाईची डबी पुढं केली. माझा हात धरला आणि थांबले.

"कसला आंबूस वास येतोय रे?"

"बॅटरीच्या पाण्याचा."

त्यांनी माझा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. मी घरी आलो. मागं दौलूचा जबाब घेतला, तो काय बोलला ते मला कळलं नाही. आठ-दहा दिवस मी रोज वाट बघत होतो, की आता मलाही बोलावणं येईल. आलं नाही. शेडमधली माणसंही कुणी काही बोलली नाहीत. बोलवायला कुणी आलंच नाही तर आपण होऊन कोण जातो?

दौलूला दीड वर्षाची शिक्षा लागली. लायसन गेलं, जीप गेली. सुटून आल्यावर तो एकदाच माझ्याकडं आला. मी टेम्पोखाली होतो. त्याच काळ्या चपला येऊन थांबल्या, तारेनं शिवलेल्या.

"केरबा," त्यानं हाक मारली.

मी पाना घट्ट धरून पडून राहिलो. श्वाससुद्धा हळू घेतला. मला वाटलं, हिशेब मागायला आला असेल, आणि चार माणसांत मागेल. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. चपला बराच वेळ तिथं होत्या. त्यानंतर तो कागलला बहिणीकडं गेला, कुणाच्या तरी गुऱ्हाळावर राबत होता असं कानावर आलं, आणि चार वर्षांनी तो वारल्याचंही तसंच कानावर आलं.

धाकूचा कान तुटका कप मी फोडला नाही, कुणाला दिलाही नाही. फळीवर पालथा घालून ठेवला.

त्रेसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. शाळेच्या व्हरांड्यात दुपारी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना शिकवायचा सरकारी वर्ग निघाला, त्यात जाऊन बसलो. लोकांना सांगितलं, स्पेअरपार्टच्या डब्यावरचं वाचता यावं म्हणून. डब्यावरची नावं मला रंगावरून ओळखू येत होती, त्यासाठी कुणी त्या वयात पाटी घेत नाही. आपण कशाखाली अंगठा दिला ते त्या कागदावर कोणत्या शब्दांत असेल, हे मला पंधरा वर्षं खुपत होतं. कागद काही समोर येणार नव्हता. तरी शिकलो. पहिल्यांदा 'क' आला, माझ्या नावाचा. मग हळूहळू बाकीची. दोन वर्षांत वर्तमानपत्र बोट ठेवून वाचायला लागलो आणि गावात झालं, की केरबा मिस्त्री वाचतोय.

म्हणूनच सगुणा आली. पावसाळा संपून उघडीप पडली होती, दुपारची वेळ. धाकू गेल्यापासून ती माझ्या शेडकडं कधी फिरकली नव्हती. आता पार वाळली होती, काठी टेकत आली. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं भेंडोळं.

"मिस्त्री, तुम्हाला वाचता येतंय म्हणं."

"येतंय थोडंफार, वहिनी."

"आमच्या मालकांच्या वक्ताचं कागद हाईत. कोर्टातनं दिल्यालं. ट्रंकंत पडून हुतं. लेकीला येतंय वाचाय, पर ती बापाचं नाव आलं की रडती, फुडं जातच न्हाई. दुसऱ्या कुणाला सांगू वाटंना. तुम्ही त्यास्नी रोज चा पाजत हुता."

ती बाकावर बसली. मी चष्मा घातला.

वरचा कागद पंचनाम्याचा होता. मी एकेक शब्द जोडत वाचला. म्हसोबाचं वळण, कठडा, इरल्याचे तुकडे. सगुणा मान हलवत ऐकत होती. दुसरा कागद दौलूचा जबाब. मी वाचायला लागलो.

"'मी विचारलेवरून सांगतो की, माझ्या गाडीच्या दिव्यांत पाणी साचत असल्याने दिव्यांची मागील भोके मी स्वतः घरी सिलिकॉन लावून बंद केली. ती बंद करू नयेत असे मला केरबा मिस्त्री याने बजावले होते. मी त्याचे ऐकले नाही. घटनेच्या दिवशी सकाळीही दिवे धुरकट असल्याचे मला दिसले होते. तरी मी गाडी घाटात घातली. चूक माझी आहे. मिस्त्रीचा यात काही संबंध नाही.'"

खाली सही होती. वेडीवाकडी, पण सही. दौलू चौथीपर्यंत शिकला होता.

मी पुन्हा वाचलं, मनात. अक्षर चुकतंय का म्हणून बोट ठेवून वाचलं. चुकत नव्हतं. मी बोळे उपसले तरी भोकांच्या कडेनं पांढरं राहिलं असणार, हवालदारांना ते दिसलं असणार आणि त्यांनी विचारलं असणार. त्याच्या एका शब्दावर मी आत गेलो असतो. आणि सुटून आल्यावर तो माझ्या टेम्पोपाशी उभा राहिला होता, तेव्हा मागायला काहीच आला नव्हता.

"थांबला का?" सगुणा म्हणाली. "झालं?"

"न्हाई. अजून एक हाय."

तिसरा कागद लहान होता. चारच ओळी. वाचला नसता तरी तिला कळलं नसतं. 'शिक्का मारलाय, दुसरं काही नाही' म्हटलं असतं तर तिनं घडी घालून पिशवीत ठेवला असता. मी पाणी प्यालो. मग वाचलं.

"'सदर गाडीचे दिवे दुरुस्तीसाठी माझ्याकडे आले नव्हते. त्याबाबत मला काही माहिती नाही. माझा हा जबाब वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'"

"आन् खाली ह्यो अंगठा कुणाचा?"

"माझा."

सगुणानं कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. तिला अक्षर येत नव्हतं, पण अंगठे तिनं जन्मभर दिले होते, ते तिला कळत होते. तिनं त्या डागावरून बोट फिरवलं आणि मधेच थांबवलं.

"आमचा अंगठा पुरा उठतोय," ती म्हणाली. "ह्यो मधी कोरा का ऱ्हायलाय?"

मी बघितलं. रेघांच्या मधोमध एक पांढरी जागा होती, तांदळाच्या दाण्याएवढी. शाई तिथं धरलीच नव्हती.

"तिथं सिलिकॉन चिकटलं होतं, वहिनी," मी म्हणालो. "त्याच दिव्याचं."

रस्त्यावरून एक गाडी घाटाकडं गेली, तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि थांबला. मग सगुणानं तिन्ही कागद सारखे केले, पहिला वर घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"पयल्यापासनं वाचा," ती म्हणाली. "सावकाश वाचा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.